चौथ्या शिट्टीला माणूस गायब: कमी पैशांत विनोदी भयपट करण्याचा नीट क्रम

आचरट कल्पनेचा, जेमतेम पैशांत केलेला आणि हसवता हसवता घाबरवणारा सिनेमा पाहिला की बऱ्याच जणांना वाटतं, एवढं तर आपणही करू. वाटायला हरकत नाही. पण कॉलेजच्या ग्रुपने किंवा सोसायटीतल्या पोरांनी केलेल्या अशा शॉर्टफिल्म बहुतेक एकाच जागी आपटतात. कल्पना वेडगळ आहे ना, मग काम कसंही केलं तरी खपेल, असं सगळे धरून चालतात. नट मध्येच गालात हसतात, रक्त केचपचं असतं, संवादांपेक्षा पंखा मोठ्याने ऐकू येतो, आणि शेवटी सगळेच मरतात, कारण पुढचं कोणाला सुचलेलंच नसतं.

वेडेपणा कल्पनेत एकदाच करायचा. त्यानंतरचं सगळं काम हिशेबनिसासारखं.

खालचा क्रम आठ-दहा मिनिटांच्या, दोन दिवसांत शूट होणाऱ्या फिल्मसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: घरात एक जुना कुकर येतो. त्याची चौथी शिट्टी झाली की घरातला एक माणूस नाहीसा होतो. भात मात्र दर वेळी अगदी हवा तसा, मऊ आणि मोकळा.

१. आधी यादी, मग गोष्ट

गोष्ट लिहून मग जागा शोधायला निघालात की पैसे संपले म्हणून समजा. एका कागदावर चार रकाने पाडा: जागा, माणसं, वस्तू, वेळ. जागेत फक्त ती घरं लिहा, जी दोन दिवस पूर्ण तुमच्या ताब्यात मिळतील आणि जिथे दारं-खिडक्या बंद करून पंखे थांबवता येतील. माणसांत फक्त तीच, जी दोन्ही दिवस येणार हे नक्की आहे. ‘येतो म्हणालाय’ हा माणूस यादीत धरायचा नाही. वस्तूंत फक्त हाताशी असलेल्या.

आता या यादीत बसेल अशी गोष्ट शोधा. मालेगावात घरगुती सिनेमे करणाऱ्या नासिर शेख यांनी ट्रॉली शॉटसाठी, म्हणजे कॅमेरा सरकवत घ्यायच्या शॉटसाठी, सायकल वापरली, ती अशाच हिशेबातून आली. जे गावात आहे, त्यातच सिनेमा बसवायचा.

कुकर याच कारणासाठी निवडलाय. तो फुकट मिळतो, अर्धी भीती त्याचा आवाजच निर्माण करतो, आणि माणूस गायब करायला कॉम्प्युटरवर एक रुपयाही खर्च होत नाही.

*तपासा:* गोष्टीत स्मशान, पाऊस, गर्दी, लहान मूल, कुत्रं किंवा चालती गाडी आहे का? असेल तर ती यादीतून आली की हौसेतून? हौसेतून आली असेल तर काढा.

२. एकच अशक्य गोष्ट, एकच नियम

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. अशक्य गोष्ट फिल्मभर एकच हवी. कुकर माणसं गायब करतो, बस्स. त्यात बाथरूममधली हडळ आणि गच्चीवरचा झॉम्बी आला की प्रेक्षक कशालाच घाबरत नाही, कारण आता काहीही होऊ शकतं हे त्याला कळलेलं असतं.

मग त्या गोष्टीला नियम द्या आणि नियमाला चारही बाजूंनी छळा. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी मोजायची का? अर्धवट, फुसकी शिट्टी झाली तर? गॅस मध्येच बंद करून पुन्हा लावला तर मोजणी पहिल्यापासून? आणि मुळात मोजतंय कोण? आपल्या घरांत शिट्ट्यांच्या आकड्यावर एकमत झालंय कधी? ‘तीन झाल्या.’ ‘छे, दोनच.’ या रोजच्या भांडणात आता एका माणसाचा जीव अडकलाय. विनोद वेगळा लिहावा लागत नाही.

याच टप्प्यावर आणखी एका प्रश्नाचं उत्तर हवं: ही मंडळी तो कुकर फेकून का देत नाहीत? उत्तर नसेल तर प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला तुमच्या हातून गेला. उत्तर अलौकिक नको, घरगुती हवं. भात इतका चांगला होतो. नवा घ्यायचा म्हणजे खर्च. रविवारी पाहुणे येणार आहेत, तेवढं होऊ दे. आणि मनातल्या मनात प्रत्येकाला खात्री आहे की जाईल तो दुसरा कोणीतरी.

*तपासा:* नियम एका वाक्यात अशा माणसाला सांगा जो तुमच्या ग्रुपमधला नाही. ‘भारी आहे’ म्हणून तो चहा प्यायला लागला तर कल्पना अजून कच्ची आहे. ‘पण मग शेजारच्यांच्या शिट्टीचं काय?’ असं त्याने विचारलं तर पुढच्या टप्प्यावर जा.

३. पटकथा: कोणीही विनोद करायचा नाही

ढोबळ मानाने एक पान म्हणजे एक मिनिट. आठ मिनिटांच्या फिल्मला आठ पानं, नववं नको.

नियमाचे चार वापर करा, याच क्रमाने. पहिल्यांदा घटना घडते आणि कोणाला कारण कळत नाही. दुसऱ्यांदा नियम कळतो. तिसऱ्यांदा घरातलं कोणीतरी तो स्वतःच्या फायद्यासाठी वापरतं. उदाहरणार्थ, भाडं मागायला आलेल्या घरमालकांना आग्रहाने जेवायला बसवतात. चौथ्यांदा तोच नियम त्यांच्यावर उलटतो. बहुतेक जण पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतात. खरी मजा तिसऱ्यात असते, कारण तिथे कुकरपेक्षा माणसं भयंकर दिसायला लागतात.

संवादांत कोटी दिसली की खोडा. सासू-सुनेचं बोलणं असं लिहा:

‘किती झाल्या गं?’
‘तीन, आई.’
‘त्यातली एक शेजारची होती.’
‘मग दोन.’
‘शेजारची धरायची की नाही?’

दोघीही गॅसकडे बघतायत. बंद करायला हात कोणीच पुढे करत नाही.

१९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये बाहुला चालतो-बोलतो तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या कलेमुळे. पण तो खरा वाटतो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्यामुळे. लक्ष्या सगळ्यांना जीव तोडून सांगतोय आणि कोणी विश्वास ठेवत नाही. बाहुल्याकडे बघून तो स्वतःच हसला असता तर उरला असता तो खेळण्यातला बाहुला.

*सावधान:* ‘फिल्म मुद्दाम वाईट केलीय’ ही सबब शूटनंतर वापरता येत नाही. जपानच्या ‘वन कट ऑफ द डेड’ या सिनेमाची पहिली ३७ मिनिटं सलग एकाच शॉटमध्ये आहेत आणि त्यात कितीतरी गोष्टी विचित्र, अवघडलेल्या वाटतात. पुढच्या भागात त्यांची कारणं उलगडतात. म्हणजे ती गडबड आधी कागदावर होती. तुमची कागदावर नसेल तर ती निव्वळ गडबड आहे.

४. तालीम त्याच स्वयंपाकघरात

आपल्याकडे नट मिळतात ते बहुतेक एकांकिकांमधून. पुरुषोत्तम करंडक गाजवलेला मुलगा मिळाला तर आनंदच आहे, पण त्याचा आवाज शेवटच्या रांगेसाठी घडलेला असतो. कॅमेरा दोन फुटांवर आहे. त्याला सांगा, बोलणं निम्म्यावर आण आणि भुवया जागेवर ठेव.

हॉलमध्ये तालीम करून स्वयंपाकघरात शूट करू नका. ओट्यापुढे तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला दारात उभं राहावं लागतं, हे आधी कळलेलं बरं. आणि ‘स्टॅच्यू’चा सराव करून घ्या, टप्पा ७ पूर्ण त्यावर उभा आहे.

५. सामान: रक्त, वाफ आणि परवानगी

रक्त लागतंच असं नाही. लागलं तर एकदाच, जिथे अपेक्षा नाही तिथे. आपल्या गोष्टीत दुसरा माणूस गायब झाल्यावर कुकर उघडतात, तर वरचा भात लाल. सासरे विचारतात, ‘बीट घातलंस का?’ बाकी फिल्मभर थेंबही नको.

केचप घट्ट गोळ्यात पडतं आणि केचपच दिसतं. त्याऐवजी एक वाटी साखरेचा घट्ट पाक करा. चमचाभर कॉर्नफ्लॉर थोड्या पाण्यात कालवून त्यात शिजवा, म्हणजे ते पारदर्शक राहत नाही. लाल खाद्यरंग घाला आणि गडदपणासाठी चिमूट-चिमूट कोको. डोळ्यांवर विसंबू नका. ज्या उजेडात शूट करणार त्याच उजेडात, त्याच फोनमधून बघा. गुलाबी दिसतंय? आणखी थोडा कोको.

हा रंग कपड्यांवरून जात नाही आणि ओट्याच्या फरश्यांमधल्या फटींत तर बसूनच राहतो. ज्यांचं स्वयंपाकघर आहे त्या काकूंना हे आधी सांगा, नंतर नाही. रक्त लागणाऱ्या कपड्यांचे दोन जोड ठेवा. त्वचेवर लावायचं असेल तर आदल्या दिवशी नटाच्या मनगटावर थोडं लावून बघा. आणि पाक आहे, त्यामुळे मुंग्या येणारच. वापर होईपर्यंत झाकण लावून, पाण्याच्या ताटलीत वाटी ठेवा.

*सावधान, आणि हे गंमत म्हणून वाचू नका:* दाब धरलेला कुकर नटांच्या शॉटमध्ये कधीही नको. शिट्टीची वाट बुजवायची नाही, शिट्टी हाताने उचलायची नाही, झाकण जोर लावून उघडायचं नाही. चालू कुकरचे शॉट वेगळे घ्या: कुकर एकटा, कॅमेरा स्टँडवर लांब, माणसं खोलीबाहेर. नटांबरोबर असतो तो रिकामा, थंड कुकर, खालचा गॅस बंद. शिट्टी हलवायला तिला काळा दोरा बांधा आणि मागून ओढा.

वाफेसाठी इलेक्ट्रिक किटलीत उकळलेलं पाणी पसरट भांड्यात ओतून कुकरच्या आड ठेवा. वाफ मागून उजेड आला तरच दिसते. समोरून बल्ब लावलात तर हवेत विरून जाईल. ड्राय आइस टाळा. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि छोट्या बंद स्वयंपाकघरात तो साचतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनला तारीख-वेळ लिहून कळवा, त्यात ‘किंचाळण्याचे आवाज येतील’ हे वाक्य स्पष्ट असू द्या. शेजारी मदतीला धावून आले तर त्यांचा दोष नाही. रस्त्यावर शूट करायचं ठरवलं तर परवानग्यांचं प्रकरण वेगळं. पहिल्या फिल्मला घराबाहेर पडूच नका.

६. फोनची सेटिंग आणि शूटचा क्रम

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, फोनला कळतं. बहुतेक फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर, असतात आणि मग ट्यूबच्या उजेडात भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. फोन २५ फ्रेमवर आणि शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, १/५० सेकंदावर ठेवा. ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप हे करू देतं. एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, म्हणजे शॉटच्या मध्येच ते आपोआप बदलत नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर. हे चार मुद्दे कागदावर लिहून स्टँडला चिकटवा.

अंधारात शूट केलं म्हणजे भीती वाटते, हा गैरसमज आहे. उजेड कमी पडला की फोन चित्रात नुसती रवाळ घाण भरतो. रात्र दाखवायची तर खिडकीला जाड चादर लावा, पात्रावर एका बाजूने एकच दिवा टाका, आणि मागच्या भिंतीवर थोडा उजेड राहू द्या. कुकरच्या गोष्टीला तर पांढऱ्या ट्यूबचा सपाट, रोजचा उजेडच हवा. इतक्या लख्ख स्वयंपाकघरात असं काही घडूच शकत नाही, असं वाटलं पाहिजे.

शूटचा क्रम गोष्टीप्रमाणे नाही, असा:

पहिल्या दिवशी सकाळी सगळी माणसं असलेले मोठे शॉट, कारण दुपारी कोणालातरी जायचं असतं. मग गायब होण्याचे शॉट. मग जवळचे चेहरे. दुसऱ्या दिवशी दोन-दोन माणसांचे प्रसंग, त्यानंतर नुसत्या वस्तूंचे शॉट. लाल भात अगदी शेवटी. एकदा ओटा लाल झाला की मागे जाता येत नाही.

प्रत्येक शॉट संपला की नटांचा फोटो काढा: केस, बाह्या, कोणत्या हातात काय. आणि दोन दिवसांचं काम ‘दर रविवारी थोडं थोडं’ असं लांबवू नका. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी आपला पहिला सिनेमा ‘बॅड टेस्ट’ मुख्यतः शनिवार-रविवारी, जवळपास चार वर्षं शूट केला आणि मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजून काढले, हे खरं. पण तुमचा हिरो पुढच्या रविवारी केस कापून येणार आहे.

७. माणूस गायब करणं

फोन स्टँडवर घट्ट. स्टँडचे पाय जमिनीला चिकटपट्टीने चिकटवा. पंखा बंद, पडदा बांधलेला, भिंतीवरचं घड्याळ चौकटीबाहेर. खिडकीतून ऊन येत असेल तर झाका. ढग आला की दोन तुकड्यांचा रंग जुळत नाही.

रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेवटपर्यंत थांबवू नका. सासरे हातात डाव घेऊन उभे. दिग्दर्शक ओरडतो, ‘स्टॅच्यू!’ बाकीचे जागच्या जागी गोठतात. श्वास चालेल, मान हलता कामा नये. सासरे डाव कोणालाही न लागेल असा घेऊन बाजूला होतात. आता एक मदतनीस चौकटीबाहेरून हात घालून तोच डाव सासऱ्यांच्या हाताच्या उंचीवर धरतो. ‘चालू!’ डाव सुटतो, खण्‌कन पडतो, आणि बाकीचे त्याकडे बघतात. एडिटमध्ये मधला भाग कापा: कट डाव सुटल्यावर, मदतनीसाचा हात चौकटीबाहेर गेल्याच्या पहिल्या फ्रेमवर.

इथे दोन चुका हमखास होतात. माणूस ओट्याला टेकून उभा असतो आणि निघताना ओट्यावरचं काहीतरी हलवतो. किंवा त्याची सावली दुसऱ्याच्या अंगावर असते आणि कटनंतर तीही उडी मारून नाहीशी होते. म्हणून त्याला एकटं, मोकळ्या भिंतीसमोर उभं करा.

*तपासा:* पुढच्या शॉटकडे जाण्याआधी फोनवरच तो कट बघा. बाकीच्यांची डोकी उडी मारतायत? लगेच पुन्हा घ्या. एडिटमध्ये हे नीट होत नाही.

८. आवाज

चित्र थोडं कच्चं असेल तर लोक चालवून घेतात, संवाद ऐकू आले नाहीत तर बंद करतात. दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून नटाच्या छातीजवळ, खिशात किंवा पदराआड ठेवा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला एक टाळी, म्हणजे दोन्ही फोनचे आवाज जुळवता येतात. फ्रिज बंद करा आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. शूट संपल्यावर फ्रिज सुरू करायचा राहून गेला तर काकू पुन्हा घर देणार नाहीत. किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो. दोन्ही दिवशी सगळ्यांना गप्प बसवून खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करा, संवादांच्या तुकड्यांमधल्या फटी तिनेच बुजतात.

शिट्टी वेगळी रेकॉर्ड करा: स्वयंपाकघरातून, हॉलमधून, बंद दाराआडून, आणि शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या कुकरची भिंतीपलीकडून. ही शेवटची शिट्टी तुमच्या गोष्टीतला सगळ्यात महागडा इफेक्ट आहे आणि फुकट मिळतोय.

गायब होताना ‘धडाम’ वाजवू नका. चौथी शिट्टी, वाफेचा फुस्स, डाव पडल्याचा आवाज आणि मग त्या खोलीची शांतता. नेहमी वाटतं त्यापेक्षा दोन सेकंद जास्त.

९. एडिट आणि पहिला प्रेक्षक

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. भीतीचा शॉट लांब ठेवा, हसण्याचा कट ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर करा. ‘बीट घातलंस का?’ म्हणताना सासरे दाखवू नका, सून दाखवा. सिनेमातलं गाणं किंवा ओळखीचं पार्श्वसंगीत उचलू नका, यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो. तबला शिकणारा एखादा मित्र असेल तर त्याला नुसत्या डग्ग्यावर दोन मिनिटं घुमवायला सांगा.

पहिला कट, म्हणजे एडिटची पहिली जुळणी, नेहमी लांबतो. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. जिथे कळलं नाही तिथे काम बाकी आहे.

मग चार अनोळखी माणसांना दाखवा. मागे बसा आणि स्क्रीनकडे नाही, त्यांच्याकडे बघा. काही समजावून सांगायचं नाही. कुठे हसले, कुठे फोन हातात घेतला, एवढंच वेळेसकट लिहा. हसू आलं तिथे पुढचा संवाद सेकंदभर उशिरा आणा, नाहीतर तो हशात बुडतो. फोन हातात घेतला त्याच्या आधीची वीस सेकंदं कापून बघा. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी नियम दुसऱ्यांदा समजावत असतं.

कोणी शिट्ट्या मोजताना दिसलं, बोटांवर किंवा ओठांत, तर त्या भागाला हात लावू नका. नावं शेवटी टाका, सुरुवातीला नाही. यूट्यूबवरच्या छोट्या चित्रात आणि फिल्मच्या नावात कोण गायब होतं ते सांगू नका. आणि पहिल्या पंधरा सेकंदांत कुकर दिसत नसेल तर तो दिसेपर्यंत सुरुवात कापत जा.